आधी फावडं, मग बूट

डिसेंबर उजाडला की माझ्या फोनवर तेच फोटो यायला लागतात. पापण्यांवर गोठलेलं दव, दाढीला लटकलेले बर्फाचे खडे आणि खाली एक ओळ : 'उणे वीस. तरीही दहा किलोमीटर. कारणं सांगू नका.' त्याखाली साताऱ्यापासून शिकागोपर्यंतच्या मित्रांनी टाकलेल्या ज्वाळा आणि फुगवलेले दंड. चार वर्षांपूर्वीपर्यंत असे फोटो मीही टाकत होते. आता टाकत नाही. का, ते सांगते.

मी साताऱ्याची. यवतेश्वरच्या घाटात, पाऊस अंगावर घेत धावायला शिकले. नोकरीसाठी मिनिआपोलिसला आले तेव्हा पहिल्याच हिवाळ्यात कळलं की बोलताना आपण ज्याला सरसकट 'बर्फ' म्हणतो, ते पायाला निरनिराळं लागतं. ताजा, भुसभुशीत बर्फ बुटाखाली करकरतो आणि पाय धरून ठेवतो. दिवसा वितळून रात्री पुन्हा गोठलेला बर्फ मात्र डांबरासारखाच काळा दिसतो आणि तुम्हाला क्षणात आडवं करतो.

इथं आल्यावर दोन प्रकारचे लोक सल्ला द्यायला भेटतात. पहिले म्हणतात, घरात बसा. गणेशोत्सवात भेटलेल्या एका काकांनी मला हक्कानं बजावलं होतं, "एप्रिलपर्यंत बाहेर धावायचं नाव काढू नकोस, फुप्फुसं गोठतील." फुप्फुसं गोठत नाहीत, हवा आत पोचेपर्यंत नाकाघशात गरम होते. दमा असणाऱ्यांना मात्र कोरड्या थंड हवेचा खरंच त्रास होतो. त्यांनी डॉक्टरांना विचारावं आणि नाकातोंडावर कापड घ्यावं. बाकीच्यांनी तापमानाबरोबर वारा बघावा. हवा उणे १८ सेल्सिअस आणि वारा ताशी २४ किलोमीटर असेल, तर उघड्या कातडीला ते उणे २८ वाटतं आणि साधारण अर्ध्या तासात हिमदंश होऊ शकतो. अशा दिवशी घरात बसण्यात काहीही कमीपणा नाही. पण असे दिवस मोजके. उरलेल्या हिवाळ्याला भिऊन चार-पाच महिने कोंडून घेतलं की मन कसं होतं, ते मी पहिल्या वर्षी पाहिलंय. डिसेंबरात इथं साडेचारलाच सूर्य मावळतो. दिवसाकाठी अर्धा तास उजेडात धावणं हे माझ्यासाठी औषध आहे.

दुसरे लोक म्हणजे फोटोवाले वीर. त्यांचं आवडतं वाक्य, 'हवामान वाईट नसतं, कपडे वाईट असतात.' कपड्यांचं खरं आहे. अंगालगत सुती बनियन नको, ते घामानं भिजतं आणि गार पडतं. लोकर किंवा घाम बाहेर टाकणारं कापड हवं, वर ऊब धरणारा थर, त्यावर वारा अडवणारा. दारातून निघताना थोडी हुडहुडी भरली पाहिजे. नाहीतर दहा मिनिटांत घाम फुटतो आणि परतताना तोच घाम जिवावर येतो. जाताना वारा तोंडावर घ्यायचा, येताना पाठीवर. पावलं आखूड, वेग विसरायचा. फोन आतल्या खिशात, कारण थंडीत बॅटरी अचानक मान टाकते. हे सगळं शिकता येतं, आणि मी शिकले. म्हणजे माझे कपडे वाईट नव्हते. वाईट होता माझ्या दारासमोरचा फुटपाथ.

आम्ही एका जोडघराच्या खालच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो. समोरच्या फुटपाथवरचा बर्फ काढायचं काम करारानं आमच्याकडे होतं. जानेवारीतल्या एका शनिवारी पहाटे बर्फ थांबला. मी नवे बूट चढवले, त्यांना रबरी पट्ट्यांचे खिळे लावले आणि दारासमोरचा वीतभर बर्फ तुडवत हॅरिएट तळ्याकडे निघाले. तळ्याभोवतीची वाट नगराच्या यंत्रानं आधीच साफ केली होती. दोन फेऱ्या मारल्या. पांढरं तळं, निळं आभाळ, स्वतःच्या श्वासाखेरीज आवाज नाही. त्या दिवसाइतका आनंद मला धावताना क्वचितच झाला असेल. फोटो टाकला. आंघोळ केली, चहा घेतला, पोहे केले. फावडं दाराआड उभंच होतं. दुपारी ऊन पडलं, तुडवलेला बर्फ जरा वितळला, ऊन उतरताच पुन्हा घट्ट झाला. टपाल टाकणाऱ्या बाई माझ्याच पावलांच्या ठशांवरून घसरल्या. मनगट मोडलं. मी त्यांना खुर्चीवर बसवलं, शालीत गुंडाळलं. त्या माझीच समजूत घालत होत्या, "होतं असं, हिवाळा आहे." टेबलावर माझा फोन उजळत होता. ज्वाळा, दंड, ज्वाळा.

कायद्यानं मी दोषी नव्हते. इथं अशा घरांना बर्फ थांबल्यापासून २४ तासांची मुदत असते आणि माझे अजून बरेच तास उरले होते. पण उणे पंधरात नऊ किलोमीटर धावायची ताकद असलेल्या माणसानं मुदतीकडे बोट दाखवावं, याची मला आजही लाज वाटते.

म्हणून त्या वीरांशी माझं भांडण आहे. बर्फात धावणं हा त्यांना एकट्याचा पराक्रम वाटतो. पण पाय टिकतो तो कुणीतरी साफ केलेल्या वाटेवर. कुणीतरी पहाटे यंत्र चालवलेलं असतं, कुणीतरी फावडं मारलेलं असतं. त्या फोटोत ते कधीच दिसत नाहीत. आणि मला खिळे लावून धावता येतं. कुबडीवाल्या आजोबांनी, बाबागाडी ढकलणाऱ्या आईनं, चाकाच्या खुर्चीतल्या मुलानं काय लावायचं? त्यांना सांगणार का, कारणं सांगू नका?

स्वीडनमधल्या कार्लस्कूगा नावाच्या गावानं २०११ च्या सुमारास स्वतःलाच एक साधा प्रश्न विचारला : आपण आधी मोठे रस्ते साफ करतो, फुटपाथ शेवटी, यात कुणाची सोय बघितली जाते? उत्तर असं निघालं की गाडीवाल्यांची, आणि त्यांत पुरुष जास्त. पायी आणि बसनं जाणाऱ्यांत बायका जास्त. त्यांनी क्रम फिरवला. तीन इंच बर्फातून गाडी हाकणं बाबागाडी ढकलण्यापेक्षा सोपं असतं, हे कळायला बर्फात एकदा तरी चालावं लागतं. आपण धावणारे तर रोज पायांवर असतो. नगराकडे फुटपाथसाठी आधी आपण ओरडायला हवं. आपण फोटो टाकत बसतो.

"मीठ टाकलं की झालं," असंही ऐकवतात. साधं मीठ उणे नऊच्या खाली जवळजवळ निकामी होतं, आणि वितळल्यावर जातं कुठं? ज्या तळ्याभोवती आपण धावतो त्यात. चमचाभर मिठानं पाच गॅलन पाणी नासतं, असं इथलं प्रदूषण खातं सांगतं. फावड्याला पर्याय नाही.

यंदा पहिल्यांदा बर्फात आलेल्या मुलामुलींनो, तुम्ही धावाच. पण क्रम लक्षात ठेवा. बर्फ थांबला की आधी आपल्या दारासमोरची वाट. मग शेजारच्या वयस्कर माणसाची. फावडं मारताना म्हाताऱ्या हृदयावर भलताच ताण येतो, तुमच्या हृदयाला तो झेपतो. वीस मिनिटांत अंग असं तापतं की वेगळा वॉर्मअप लागत नाही. तळं गोठलेलं दिसलं तरी बर्फाची जाडी ठाऊक नसताना त्यावर पाऊल नको. अंधार पडला असेल तर अंगावर चमकणारी पट्टी हवी आणि तोंड समोरून येणाऱ्या गाड्यांकडे.

मी अजूनही हॅरिएटला जाते. आधी आमचा फुटपाथ, मग वरच्या मजल्यावरच्या आजींची मागची पायरी. कधी एवढ्यातच दमते आणि तळ्याची एकच फेरी होते. घड्याळ त्या दिवसाला 'सुमार' म्हणतं. म्हणू दे.