जमीन एक, हिशेब अनेक

हा अंक हाती येईल तेव्हा खारेपाटात भातकापणी चालू असेल, आणि बांधावर जमिनीचे दलाल उभे असतील. गुंठ्याला काय भाव? कॉलेजात अर्थशास्त्र घेतलेली आमची मुलंही जवळपास एवढंच शिकून येतात: मागणीची रेघ, पुरवठ्याची रेघ, त्या छेदतात तिथे किंमत. रेघा खोट्या नाहीत. पण तेवढ्यालाच अर्थशास्त्र म्हणणं निदान आपल्या जिल्ह्याला शोभत नाही.

पेण तालुक्यातल्या गागोद्यात सप्टेंबर १८९५मध्ये विनोबा जन्मले आणि चारच महिन्यांनी महाडजवळच्या नाते गावात चिंतामणराव देशमुख. चिंतामणरावांनी तरुणपणी सेटलमेंट अधिकारी म्हणून जमिनीची प्रत आणि सारा यांचा हिशेब केला. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. विनोबा १९५१पासून गावोगाव जमीन दान मागत हिंडले. (भूदान मला पुरतं पटलेलं नाही, दानातली पुष्कळ जमीन वाटलीच गेली नाही.) महाडच्या तळ्याच्या सत्याग्रहामुळे आपले झालेले डॉ. आंबेडकर १९१८च्या निबंधात तिसरंच सांगत होते: जमिनीचे तुकडे जोडून भागणार नाही, शेतीवरची जास्तीची माणसं उद्योगात गेली पाहिजेत.

आणि चरी. अलिबाग तालुक्यातल्या या गावी १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने कुळांनी ठरवलं, खोताची जमीन कसायचीच नाही. बी नाही, नांगर नाही. संप आसपासच्या गावांत पसरला आणि सहा वर्षं चालला. घरं अर्धपोटी राहिली, लाकूडफाट्यावर दिवस काढले. त्यांचा सवाल किमतीचा नव्हताच. राबायचं आम्ही, मग पिकाचा वाटा ठरवणारा खोत कोण? १९३७ साली आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. कायदा व्हायला १९४९ उजाडलं.

किंमत, सारा, दान, रोजगार, हक्क. एकाच मातीकडे बघायच्या या तऱ्हा एकमेकींशी भांडतात, आणि भांडू द्याव्यात. माझा कल चरीकडे आहे, हे लपवत नाही. अंकातले लेखक मात्र एका बाजूचे निवडलेले नाहीत.

वाचकांना एक विनंती. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर खंडाची पावती, कुळाचा कागद, जुना सातबारा सापडला तर रद्दीत घालू नका. आम्हाला कळवा.