नवी लॅब, जुना ८०८५

ज्युनियर कॉलेजच्या लॅबमध्ये नवे पीसी आले की प्रश्न ठरलेला: आता ते जुने ८०८५ चे किट कशाला? आमच्या मीरा-भाईंदरमध्येही बायफोकलला कॉम्प्युटर सायन्स घेतलेल्या मुलांचे पालक हेच विचारतात. १९७६ सालचा प्रोसेसर, त्याची असेंब्ली शिकून पोरांनी करायचं काय? प्रश्न रास्त आहे. नवे पीसी हवेतच, त्यावर वाद नाही. पण किट भंगारात घालू नयेत असं माझं मत.

किटवर काय होतं बघा. बेरजेचं उत्तर सी०५० या पत्त्यावर ठेवायचंय. कीपॅडवरून आधी ३२ हा कोड, मग ५०, मग सी०. म्हणजे पत्त्याचा खालचा बाइट आधी! उलटं भरलंत तर उत्तर निघालं ५०सी० ला. शेवटी ७६, म्हणजे थांबायची आज्ञा, राहिली तर पुढे मेमरीत जो कचरा असेल तोच प्रोसेसर आज्ञा समजून चालवत सुटतो. सिम्युलेटरवर नुसतं 'एसटीए सी०५०एच' लिहायचं, बाकी सगळं तो परस्पर उरकतो. सोय आहे हो, पण शिकायचं तेवढंच नेमकं झाकलं जातं.

आणि गंमत म्हणजे, खालचा बाइट आधी हा नियम त्या नव्या इंटेल पीसीतही तसाच आहे. कोड बदलले, रजिस्टर ८ बिटांचे ६४ झाले, एवढंच. म्हणून दोन-चार किट ठेवा. पहिली पाच-सहा प्रॅक्टिकल त्यांवर करून घ्या, आणि मग नव्या पीसीवर जीसीसीकडून एखाद्या छोट्या सी प्रोग्रामची असेंब्ली काढून मुलांसमोर ठेवा.