आज्ञावलीवरील भाष्य : प्रयोजन आणि प्रामाण्य

वाराणसीच्या अहिल्याबाई घाटाच्या पायऱ्या इतक्या खोलवर आणि इतक्या उंचावर का नेल्या, याचे उत्तर गंगाच दर वर्षी देते. पावसाळ्यात पाणी चढले की खालच्या पायऱ्या बुडतात व वरच्या उपयोगी पडतात. उन्हाळ्यात ते ओसरले की यात्रेकरू खालच्या पायरीपर्यंत उतरतो. अहिल्याबाई होळकरांच्या (१७२५–१७९५) नावाने ओळखल्या जाणाऱ्या या दगडी रचनेचे प्रयोजन तिच्या वापरातूनच उघड होते. शब्दांच्या रचनेचे तसे नसते. ती जितकी अल्पाक्षर, तितके तिचे प्रयोजन गूढ. आणि ते सांगण्यासाठी दुसरी वाणी लागते.

या दुसऱ्या वाणीची, म्हणजे टीका-भाष्यांची, काशी ही मोठी कर्मभूमी होय. तीत महाराष्ट्रातून तेथे गेलेल्या पंडितांचा वाटा लहान नाही. महाभारताचे टीकाकार नीलकंठ चतुर्धर, 'निर्णयसिंधु'कार कमलाकरभट्ट, 'परिभाषेंदुशेखर' लिहिणारे नागेशभट्ट काळे ही नावे या नियतकालिकाच्या वाचकांस सांगावयास नकोत. परंतु या परंपरेचा अभ्यास आज बहुधा गतकालाचा अभ्यास म्हणून होतो. ज्या गरजेतून ती निर्माण झाली, ती गरज एका अगदी नव्या लेखनप्रकारात पुन्हा उभी राहिली आहे, इकडे वाङ्मयाभ्यासकांचे लक्ष गेलेले नाही. हा लेखनप्रकार म्हणजे संगणकाच्या आज्ञावलीत लिहिली जाणारी टिपणे.

आज्ञावलीचा प्रत्येक शब्द यंत्र पाळते. टिपण मात्र ते ओलांडून जाते. टिपण केवळ मनुष्यासाठी असते. जावा या संगणकभाषेत त्याचे ठळक असे दोन प्रकार आहेत. एक, लायब्ररीचा वापर करणाऱ्यास ती काय करते हे सांगणारे. दुसरे, पुढे तिची डागडुजी करणाऱ्यास ती अशीच का रचली हे सांगणारे. पहिल्याचे नाते वृत्तीशी, दुसऱ्याचे भाष्याशी आहे. विचारार्ह आहे ते हे दुसरे.

जावाच्या प्रमाण-लायब्ररीतील 'हॅशमॅप' या रचनेचे उदाहरण घ्यावे. हिच्यात माहिती अनेक कप्प्यांत विभागून ठेवलेली असते. एकाच कप्प्यात अनेक नोंदी आल्या की त्यांची साखळी होते, आणि साखळी लांबली की शोध मंदावतो. म्हणून २०१४ साली आलेल्या आठव्या आवृत्तीपासून साखळी आठ नोंदींच्या मर्यादेस पोचली, आणि एकूण कप्पे पुरेसे असले, की तिचे वृक्षरचनेत रूपांतर होते. आठच का? केवळ आज्ञा वाचून याचा उलगडा होणे शक्य नाही. तेथे फक्त अंक आहे. त्यावरील टिपण मात्र सांगते की वृक्षातील नोंद साध्या नोंदीच्या सुमारे दुप्पट जागा व्यापते, म्हणून ती अगत्य असेल तेथेच वापरावी. आणि नोंदी नीट विखुरल्या गेल्या तर एका कप्प्यात आठ नोंदी जमण्याचा संभव दहा कोटींत सहा इतकाच. कोणी हेतुपुरस्सर एकाच कप्प्यात गर्दी घडवून आणली तरी रचना कोलमडू नये, हेही प्रयोजन तेथे नोंदलेले आहे. एका अंकामागे काय वाचवावयाचे होते, कशाची भीती होती आणि कोणती किंमत मान्य केली, हे सारे या काही ओळींत आले आहे.

महाभाष्याच्या वाचकास ही रीत अपरिचित वाटू नये. सूत्रात अमुक पद कशासाठी, ते गाळले तर कोणता दोष उद्भवतो, असे पतंजली पुनःपुन्हा विचारतो, आणि कधी ते पद अनावश्यक ठरवून त्याचे प्रत्याख्यानही करतो. भट्टोजी दीक्षितांनी पाणिनीच्या सूत्रांची विषयवार पुनर्रचना करून 'सिद्धांतकौमुदी' सिद्ध केली आणि तिच्यावर 'प्रौढमनोरमा' ही टीकाही स्वतःच लिहिली. रचनाकारानेच आपल्या निर्णयांचे समर्थन मांडावे, याचा हा स्पष्ट दाखला होय.

या मताला एक वजनदार प्रतिपक्ष आहे. रॉबर्ट मार्टिन यांनी 'क्लीन कोड' (२००८) या ग्रंथात असे प्रतिपादिले की आज्ञावलीतून आशय व्यक्त करता आला नाही म्हणूनच टिपण लिहावे लागते. शिवाय आज्ञा बदलते, टिपण तसेच राहते, आणि मग ते वाचकाची दिशाभूल करते. आज्ञेचाच अनुवाद करणाऱ्या टिपणांपुरते हे म्हणणे सर्वथा योग्य आहे. मूळ श्लोकाचा केवळ अन्वय लावणारी टीकाही कोणी थोर मानीत नाही. परंतु नाकारलेला पर्याय आज्ञावलीत कोठेच नसतो. जी वाट सोडली, तिचे नाव कितीही सुबोध आज्ञेतून वाचता येत नाही.

टिपण चुकीचे असले तर काय, या शंकेचे उत्तरही एका घटनेत सापडते. टिम पीटर्स यांनी २००२ साली पायथन भाषेसाठी रचलेली क्रमवारी लावण्याची पद्धत जोशुआ ब्लॉक यांनी जावात आणली, आणि २०११ च्या सातव्या आवृत्तीत ती समाविष्ट झाली. क्रमवार तुकड्यांच्या लांबीविषयीचे दोन नियम या पद्धतीत सदैव पाळले जातात, अशी ग्वाही तेथील टिपणात होती. २०१५ साली नेदरलँड्स व जर्मनीतील संशोधकांनी ती ग्वाही तर्कशास्त्रीय साधनाने सिद्ध करावयास घेतली, तेव्हा ती सर्वत्र टिकत नाही असे आढळले. विशिष्ट रीतीने मांडलेल्या माहितीवर आज्ञावली कोसळत होती. पायथनमध्ये मूळ तर्क दुरुस्त झाला. जावात प्रथम राखीव जागाच वाढविण्यात आली. येथे महत्त्वाची गोष्ट अशी की दोष सापडला, कारण दावा लिहिलेला होता. न लिहिलेल्या समजुतीचे खंडन करता येत नाही. वार्तिककाराचे कार्य उक्त, अनुक्त आणि दुरुक्त यांचा विचार असे परंपरा मानते. त्यातील दुरुक्ताचा विचार संभवण्यासाठी आधी काही उक्त असावे लागते. भाष्याचे प्रामाण्य त्याच्या अचूकतेत नसून स्वतःला तपासणीस खुले करण्यात आहे.

डोनाल्ड क्नुथ यांनी १९८४ सालीच आज्ञावलीकडे मनुष्याने वाचावयाचे वाङ्मय म्हणून पाहिले होते. तथापि अशा लेखनाची समीक्षा कोणत्या निकषांनी करावी, हा प्रश्न उरतोच. ते निकष भारतीय भाषांच्या अभ्यासकांपाशी पूर्वीपासून आहेत : प्रयोजन सांगितले आहे काय, पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडला आहे काय, आणि नियम कोठवर चालतो याची मर्यादा आखली आहे काय. मराठी गद्यही या कामास अपुरे नाही. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी संपूर्ण महाभाष्य मराठीत आणून ते दाखवून दिले आहे, आणि जावाच्या टिपणांत देवनागरी अक्षरे लिहिण्यास कोणताही तांत्रिक अडथळा नाही.

पुण्यातील आणि अन्यत्रच्या कचेऱ्यांत असंख्य मराठी भाषक इतरांनी लिहिलेल्या आज्ञावली सांभाळीत असतात. लिहिणारा निघून गेलेला असतो, अंक राहिलेला असतो, आणि तो बदलावा की नाही हे सांगणारे कोणी नसते. टीकावाङ्मयाच्या अध्यापनात एखादे सूत्र आणि एखादे असे टिपण शेजारी ठेवून वाचले गेले, तर विद्यार्थ्यास दोहोंचेही मोल कळेल. रचना करणाऱ्याने आपले 'का' लिहून ठेवणे ही पुढच्या पिढीवरील कृपा नव्हे. ते रचनेचेच अंग आहे.