ऐरण आम्हाला, सीएनसी कुणाला?

हाताच्या कारागिरीवर हळहळणारे लोक मला आवडत नाहीत. त्यांच्या मनगटावर तापल्या लोखंडाचा कीस कधी उडालेला नसतो.

मी इंदापूर तालुक्यातला टर्नर. बारामती रस्त्याला एका शेडात जुन्या लेथवर असतो. गुऱ्हाळाच्या चरकाचा बुश गेला, पंपाचा शाफ्ट झिजला, की शेतकरी मोडका नग पिशवीत घालून येतो. ड्रॉइंग कुठलं? झिजलेल्या नगाची न झिजलेली कड शोधायची, तिथं व्हर्निअर लावायचं, मूळ माप काय असंल ते ताडायचं, गनमेटल टर्न करायचं. संध्याकाळी चरक चालू. एका नगासाठी सीएनसीवर प्रोग्रॅम आणि सेटिंग करत बसणं कुणालाच परवडत नाही. हजार नग असले की मात्र ती मला पाणी पाजते. कबूल. मशीनशी माझं भांडण नाय. मला ती पायजे!

वालचंदनगर आमच्याच तालुक्यात. २०२३ ला चांद्रयान-३ नेणाऱ्या रॉकेटच्या एस-२०० बूस्टरचे भाग तिथं घडले. आणि मला भेटणारी वस्तीतली पोरं? ठेकेदाराच्या हजेरीवर सीएनसीपुढं उभी. नग लाव, बटण दाब, नग काढ. ऑफसेटला हात लावायचा नाय, तो सेटरचा.

१७ सप्टेंबर २०२३ ला पीएम विश्वकर्मा योजना आली. १८ धंदे : लोहार, सुतार, कुंभार, न्हावी, परीट, चांभार. म्हंजे बलुत्याचीच यादी, शिक्का नवा. अवजारांना १५ हजार, दोन टप्प्यांत ३ लाख कर्ज, वर गुरू-शिष्य परंपरेचे गोडवे. कसली परंपरा? माझ्या आज्याच्या हातात महारकीची काठी होती. ऐरणीला त्याला कुणी शिवू दिलं नव्हतं. १९५८ च्या कायद्यानं वतन गेलं, आयटीआयनं मला लेथ दिली.

२०१६ ची स्टँडअप इंडिया सांगत होती : दर बँकशाखेनं निदान एका अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला १० लाख ते १ कोटी कर्ज द्यावं. २०२४ ला मी मशीनचं कोटेशन घेऊन एका शाखेत गेलो. साहेबानं कागद उलटलासुद्धा नाही. म्हणाला, "तुम्ही विश्वकर्मात बसा की. लोहार म्हणून नाव घाला."

च्यायला! गावानं ज्याला लोहारबी होऊ दिलं नाय, त्याला बँक लोहार करायला निघाली. का, तर लोहार स्वस्तात भागतो.

माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. स्टँडअपखाली या शाखेनं किती कर्जं दिली, त्यातली मशीनसाठी किती, असा अर्ज मी टाकलाय. तुम्हीबी आपापल्या शाखेत टाका. आकडे इकडं पाठवा, शाखेच्या नावासकट छापू.