जुन्या ट्रकचा सुटा भाग : पडदा, पेठ आणि उद्यमनगर

वाहनांच्या सर्व सुट्या भागांवर 22 सप्टेंबर 2025 पासून 18 टक्के असा एकच जीएसटी दर लागू झाला. त्यापूर्वी यातील अनेक भागांवर 28 टक्के कर होता. नव्या गाड्यांच्या मालकांना या कपातीचा लाभ सरळ मिळतो. जुन्या ट्रकच्या मालकाला मात्र तो घेण्यापूर्वी एक अवघड प्रश्न सोडवावा लागतो. भाग स्वस्त झाला खरा. पण तो मिळतो कोठे, आणि मिळालेला भाग आपल्याच गाडीचा आहे हे ठरवायचे कोणी? चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या मॉडेलसाठी कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडे भाग शिल्लक असण्याची शक्यता कमी. अशा वेळी मालकापुढे दोन वाटा उरतात. एक इंटरनेटवरील दुकानांची आणि दुसरी गावातील पेठेची. कोल्हापुरात तिसरीही वाट आहे, ती म्हणजे भाग घडवून घेण्याची. या तिन्ही वाटांची पारख करताना केवळ किमतीचा विचार पुरत नाही. ब्रेकचा किंवा स्टीअरिंगचा भाग चुकला तर त्याची किंमत रस्त्यावर मोजावी लागते.

जुन्या ट्रकचा भाग नेमका ओळखणे एवढे कठीण का, याचे उत्तर भारतीय ट्रक उद्योगाच्या इतिहासात आहे. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे ट्रक आले ते वेगवेगळ्या देशांच्या घराण्यांतून. प्रीमियर ऑटोमोबाइल्सने मुंबईत कुर्ल्याला अमेरिकन वळणाचे डॉज व फार्गो ट्रक तयार केले. हिंदुस्थान मोटर्सने ब्रिटिश बेडफर्ड आणला. मराठी माणसाला बेडफर्डची ओळख एसटीमुळे आधीच झालेली होती; 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावलेली पहिली एसटी बेडफर्डचीच. मद्रासमध्ये 1948 साली स्थापन झालेली अशोक मोटर्स 1955 मध्ये अशोक लेलँड झाली. टेल्कोने 1954 मध्ये जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार केला आणि 1969 पर्यंत टाटा-मर्सिडीज हे जोडनाव देशभर धावत राहिले.

या घराण्यांबरोबर मोजमापांच्या पद्धतीही आल्या. जुन्या ब्रिटिश यंत्रांत व्हिटवर्थ पद्धतीचे आटे, अमेरिकन यंत्रांत युनिफाइड, तर जर्मन वळणाच्या टाटामध्ये मेट्रिक. अर्ध्या इंचाच्या व्हिटवर्थ बोल्टला इंचामागे 12 आटे असतात, तर त्याच जाडीच्या युनिफाइड बोल्टला 13. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. हाताने फिरवल्यास एक-दोन फेरे जातातही; मग बोल्ट अडतो. पान्याने जोर लावणाऱ्याला तो बसल्याचा भास होतो आणि प्रत्यक्षात आटे मरतात. छायाचित्र पाहून भाग मागवणाऱ्याला हा फरक कळणे केवळ अशक्य आहे.

इंजिनाच्या बाबतीत हाच घोटाळा अधिक महागात पडतो. टाटा-मर्सिडीजच्या जुन्या ओएम 312 या सहा सिलिंडरच्या इंजिनाचा बोअर 90 मिलिमीटर होता. नंतरच्या टाटा 692 चा बोअर 92 आणि 697 चा 97 मिलिमीटर. यातील पहिला आकडा सिलिंडरची संख्या आणि पुढचे दोन बोअर सांगतात, एवढे ध्यानात ठेवले तरी निम्मा गोंधळ टळतो. उरलेला निम्मा अधिक फसवा आहे. 697 चा बोअर 97 आणि स्ट्रोक 128 मिलिमीटर. डेमलरच्या ओएम 352 या जगभर खपलेल्या इंजिनाची मापेही तीच. त्यामुळे परदेशी दुकानात ओएम 352 चे पिस्टन दिसले की ते आपल्याच इंजिनाचे, असे वाटणे साहजिक आहे. परंतु पिस्टन म्हणजे केवळ व्यास नव्हे. पिनपासून माथ्यापर्यंतची उंची, माथ्यावरील खळग्याचा आकार, रिंगांच्या खाचा आणि पिनचा व्यास हे सारे जुळावे लागते. माप जुळले म्हणजे भाग जुळला, असे होत नाही.

इंटरनेटवरील खरेदीचे सामर्थ्य आहे ते विस्तारात. कोल्हापूरच्या मालकाला पूर्वी एखाद्या भागासाठी मुंबईत कुर्ला, दिल्लीत काश्मिरी गेट किंवा चेन्नईत पुदुपेट असा शोध घ्यावा लागे. आता तोच शोध बसल्या जागी घेता येतो. ज्या भागांना जागतिक क्रमांक आहे, त्यांच्यासाठी ही सोय निर्विवाद उत्तम आहे. 6308 क्रमांकाचे बेअरिंग कोठूनही घेतले तरी आतला व्यास 40, बाहेरचा 90 आणि रुंदी 23 मिलिमीटरच असणार. ऑइल सीललाही आतले माप, बाहेरचे माप आणि जाडी या तीन आकड्यांनी ओळख मिळते. येथे विक्रेत्याच्या ज्ञानावर विसंबावे लागत नाही. माहितीच्या किंवा खात्रीच्या उत्पादकाचा माल निवडला की पुरते.

ज्या भागांची ओळख केवळ मॉडेलच्या नावाने होते, त्यांच्याबाबत ही खात्री नाहीशी होते. एकाच नावाच्या ट्रकमध्ये उत्पादनाच्या काळात पंप, गिअरबॉक्स, ब्रेक बदलत गेलेले असतात. शिवाय तीन-चार मालकांच्या हातून गेलेल्या ट्रकमध्ये दुसऱ्याच गाडीचा एक्सल किंवा इंजिन बसवलेले असू शकते. पडद्यावरील यादी कंपनीचा ट्रक ओळखते. समोर उभा असलेला ट्रक ती ओळखत नाही.

कायद्याने ग्राहकाला संरक्षण दिले आहे, पण ते किती आहे हेही पाहावयास हवे. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ऑनलाइन व्यासपीठाने तक्रारीची पोच 48 तासांत देणे आणि एक महिन्यात तिचे निवारण करणे बंधनकारक आहे. माल सदोष, बनावट किंवा जाहिरातीतील वर्णनाशी विसंगत असेल तर विक्रेत्याला तो परत घेण्यास नकार देता येत नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यात दावा लावण्याची मुभा दिली. म्हणजे दिल्लीच्या विक्रेत्याविरुद्ध कोल्हापूरच्या आयोगापुढे जाता येते. तथापि याच कायद्याने व्यापारी हेतूने केलेली खरेदी वगळली आहे. स्वयंरोजगारातून उपजीविका करणारा एका ट्रकचा मालक ग्राहक ठरू शकतो. पाच-पंचवीस गाड्या बाळगणाऱ्या वाहतूकदाराला मात्र हा दरवाजा बहुधा बंद असतो. आणि वर्णन खरे असून भाग चुकीचा निवडला गेला असेल, तर दोष कोणाचा? तोवर इंजिन उघडून ठेवलेले असते आणि हंगाम निघून जात असतो.

स्थानिक पेठेचे बळ नेमके येथे आहे. जुना भाग हातात घेऊन दुकानात जायचे, नवा त्याच्या शेजारी ठेवायचा, कॅलिपर लावायचा आणि मगच पैसे द्यायचे, ही पद्धत जुनी असली तरी अचूक आहे. ओळखीचा दुकानदार न जुळलेला भाग बदलून देतो, प्रसंगी उधारीही ठेवतो. त्याहून मोलाचे म्हणजे गॅरेजमधील मिस्त्रीची स्मृती. कोणत्या मॉडेलला कोणत्या दुसऱ्या गाडीचा भाग बसतो आणि कोठे वॉशर घालावा लागतो, हे ज्ञान कोणत्याही यादीत सापडत नाही.

अर्थात पेठेचे गोडवे गाताना तिच्या उणिवा झाकता येणार नाहीत. हुबेहूब वेष्टणात बनावट माल विकला जाण्याचा धोका दुकानातही तेवढाच आहे. भंगारातून आलेला भाग अनेकदा बिलाशिवाय विकला जातो. मग तो सदोष निघाल्यास दाद मागायला पुरावा उरत नाही. विशेषतः क्रमांक असलेले इंजिन असे घेणे धोक्याचे आहे. चोरीचा माल जाणूनबुजून बाळगणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली गुन्हा आहे आणि बदललेल्या इंजिनाची नोंद आरटीओकडे करावीच लागते. दोनशे रुपये वाचवण्यासाठी बिल नाकारणारा ग्राहक आपले सारे हक्कही त्याबरोबर नाकारत असतो.

या पेठेचा मूळ झराही आता आटू लागला आहे. जुना सुटा भाग मुख्यतः येतो तो मोडीत निघालेल्या गाड्यांतून. 2021 मध्ये नोंदणीकृत वाहन मोडणी केंद्रांचे नियम आले. 1 एप्रिल 2023 पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांची, त्यांत महामंडळांच्या बसही आल्या, नोंदणी रद्द करण्याचे धोरण लागू झाले. जुन्या वाहनांच्या पासिंगचे शुल्क केंद्राने 2022 मध्ये आणि पुन्हा नोव्हेंबर 2025 मध्ये वाढवले. प्रदूषण आणि अपघात रोखण्यासाठी या धोरणाची गरज नाकारता येणार नाही. परंतु त्याचा एक परिणाम असा, की ज्या गाड्यांतून भाग निघत त्या गाड्याच संघटितपणे भट्टीकडे जाऊ लागल्या आहेत. आज भंगारात मिळणारा गिअर उद्याही मिळेल, हे गृहीत धरता येणार नाही.

म्हणूनच तिसऱ्या वाटेचे महत्त्व वाढते. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील लेथ आणि ग्राइंडिंगचे गाळे, शिरोली व गोकुळ शिरगावच्या वसाहतींतील फौंड्री यांनी देशातील वाहन उद्योगाला वर्षानुवर्षे ओतीव भाग पुरवले आहेत. जे मिळत नाही ते बनवायचे, ही या गावाची जुनी सवय. बाबूराव पेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभर वर्षांपूर्वी चित्रपटाचा कॅमेरा याच गावात घडवला होता. क्रँक घासून कमी मापाचे बेअरिंग बसवणे, सिलिंडरला नवा लायनर घालणे, तडकलेले हेड दुरुस्त करणे ही कामे येथे रोजची आहेत.

मात्र घडवण्यालाही शास्त्र आहे. ओतलेले लोखंड थंड होताना आकसते. करड्या बिडाच्या बाबतीत हे आकुंचन साधारण एक टक्का धरतात. झिजलेला जुना भागच साचा म्हणून वाळूत दाबला, तर 300 मिलिमीटरचा ड्रम सुमारे तीन मिलिमीटरने लहान येणार. शिवाय मूळची झीज त्यात उतरणार आणि लेथवर घासायला जादा धातूही उरणार नाही. त्यासाठी मूळ मापांचे रेखाचित्र आणि आकुंचनाची भर धरून केलेला पॅटर्न लागतो. धातूची जातही नेमकी लागते. कंसात किंवा झाकणात हे चुकले तर नुकसान पैशाचे. ब्रेक ड्रम किंवा स्टीअरिंगच्या हातात चुकले तर ते जिवावर बेतते. असे भाग चाचणीविना बनवणे वा बसवणे कोणत्याही परिस्थितीत समर्थनीय नाही.

येथे एक विसंगती नजरेत भरते. पन्नास वर्षांवरील मूळ स्वरूपातील वाहनांना 2021 मध्ये व्हिंटेज म्हणून वेगळा दर्जा आणि व्हीए मालिकेचा क्रमांक मिळाला. पण त्या नियमांचा रोख दुचाकी आणि खासगी मोटारींकडे आहे. व्यावसायिक वापर त्यांत निषिद्ध आहे. दसऱ्याच्या शाही सोहळ्यात छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार येते तेव्हा कोल्हापूरकर ती अभिमानाने पाहतात, आणि ते योग्यच आहे. ज्या ट्रकांनी या जिल्ह्याचा गूळ, ऊस आणि बिडाचे भाग वाहिले, त्यांतील एखादा जपून ठेवावा असे मात्र धोरणालाही वाटलेले नाही आणि समाजालाही. परिणामी जुना ट्रक एक तर रस्त्यावर राबतो किंवा भंगारात जातो. जतन करू पाहणाऱ्यालाही भागांसाठी त्याच विस्कळीत बाजारात फिरावे लागते.

मग खरेदी कोठून करावी? ज्या भागाला प्रमाणित क्रमांक आहे तो इंटरनेटवरून घेण्यास हरकत नाही. जो भाग केवळ मॉडेलच्या नावाने ओळखला जातो तो नमुना जुळवून पेठेतूनच घ्यावा; बाहेरून मागवणे भागच असेल तर मापे आणि भागावर कोरलेला क्रमांक लेखी कळवून, विक्रेत्याची लेखी हमी घेऊन. ब्रेक आणि स्टीअरिंगचा भाग पक्क्या बिलाशिवाय कोठूनही घेऊ नये. जो मिळतच नाही तो घडवावा, पण रेखाचित्रावरून.

हे रेखाचित्र हाच खरा कळीचा मुद्दा आहे. जुन्या भागांची मापे आज तुकड्यातुकड्यांनी विखुरली आहेत. काही फाटक्या कॅटलॉगमध्ये, काही फौंड्रीच्या माळ्यावरील लाकडी पॅटर्नमध्ये आणि बरीचशी वयोवृद्ध मिस्त्रींच्या डोक्यात. एक मिस्त्री काम थांबवतो तेव्हा एका मॉडेलचे ज्ञानच बंद होते. कोल्हापुरात फौंड्री चालकांच्या संघटना आहेत, अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, त्रिमितीय मोजणीची यंत्रे आहेत. मापांची आणि पॅटर्नची एक सामाईक नोंदवही तयार करणे त्यांना अशक्य नाही. ती झाली तर पडद्यावरच्या यादीला आणि पेठेतल्या नजरेला एकच कसोटी मिळेल. न झाल्यास कर कितीही कमी झाला तरी जुन्या ट्रकचा मालक चुकीचा भाग थोड्या कमी किमतीत घेत राहील, एवढेच.