आधी फ्यूज, मग स्पीकर

दिवाळीच्या सुट्टीत अकरावीतल्या मुलीसोबत गाडीचा जुना डेक काढायला घेतला. गाडी दहा वर्षांची, डेक मधे कधीतरी ॲक्सेसरीच्या दुकानात बसवलेला. पट्टी सोडवून डेक पुढे ओढला, तसा त्यामागून वायरींचा गुंता बाहेर आला. कंपनीचा कपलर कापून टाकलेला, वायरींची टोकं नुसती पिळलेली आणि वर काळी टेप. उन्हाने टेपचा गोंद पातळ होऊन ती सरकली होती. पिवळ्या वायरीचं तांबं बोटभर उघडं पडलं होतं, धातूच्या पट्टीपासून नखाएवढ्या अंतरावर. किल्ली काढून घेतली तरी या वायरीत बॅटरीचा करंट असतोच. मग फ्यूजबॉक्स पाहिला. 15 अँपिअरच्या निळ्या फ्यूजच्या जागी 30चा हिरवा घातलेला. फ्यूज वारंवार उडत असणार, म्हणून कुणीतरी तो उडणारच नाही अशी सोय करून ठेवली होती.

त्या गाडीत आम्ही चौघं आणि अधूनमधून आई बसते.

गाडी घरच्या घरी सजवणं, आवाज सुधारणं हा चांगला नाद आहे, आणि तो वाढावा असंच मला वाटतं. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर स्पीकर निवडत उभी असलेली पोरं पाहिली की बरं वाटतं. ज्याने दाराचं पॅड स्वतः उघडलं, त्याला आपली गाडी कळते. पण सगळं बजेट कानाला ऐकू येणाऱ्या आणि डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींवर संपतं. वायर, फ्यूज, कपलर यांचा नंबर शेवटी लागतो. हा क्रम उलटा हवा.

घरातल्या विजेचा अंदाज गाडीत चालत नाही, मूळ चूक होते ती इथेच. 300 वॉटचं उपकरण घरात 230 व्होल्टवर दीड अँपिअरही ओढत नाही. तेवढ्याच ताकदीचा ॲम्प गाडीत 12 व्होल्टवर 25 अँपिअर मागतो, प्रत्यक्षात त्याहून जास्तच. घरात उरलेली बारीक वायर तिथे जोडली तर ती तापणारच. तांब्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या, आतून ॲल्युमिनियमच्या वायरी त्याहून वाईट. शिवाय गाडीचा सगळा पत्रा बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेला असतो. पॉझिटिव्ह वायर कुठेही घासून पत्र्याला टेकली की शॉर्ट. म्हणून ॲम्पची वायर इंजिनकडून आत घेताना पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट हवाच, आणि बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज हवा. फ्यूज ॲम्पला वाचवण्यासाठी असतो असा बऱ्याच जणांचा समज आहे. तो वायरीला वाचवतो. ॲम्पच्या अंगाला असलेला फ्यूज इंजिनापासून डिकीपर्यंतच्या लांबलचक वायरीचं रक्षण करू शकत नाही.

दिखाव्याच्या कामांतही हेच. सीटला एअरबॅग असेल तर वरून घट्ट शिवलेलं कव्हर ती उघडू देत नाही. दाराच्या पत्र्याला आतून डॅम्पिंग शीट चिकटवली की आवाज खरंच भरीव होतो, पण खालची पाणी जायची भोकं बुजवली तर दोन पावसाळ्यांत दार गंजतं. काळ्या फिल्मबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्येच निकाल दिला आहे. पुढच्या-मागच्या काचांतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून 50 टक्के प्रकाश आत आलाच पाहिजे. लोखंडी बंपर गार्डविरुद्ध केंद्राच्या वाहतूक मंत्रालयाने 2017 च्या डिसेंबरात राज्यांना लिहिलं. धडकेचा जोर पुढच्या भागाने शोषून घ्यायचा, तो गार्ड थेट चासीला पोचवतो आणि पायी चालणाऱ्याचा जीव घेतो. तरीही नव्या गाडीची पूजा झाली की दुसऱ्या दिवशी गार्ड लागतोच! याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दोष फक्त हौशी माणसाचा नाही. गाडीच्या मॉडेलला बसणारा तयार कपलर काही शे रुपयांत मिळतो, त्याने एकही मूळ वायर कापावी लागत नाही. तरी दुकानात सांगितलं जातं, "साहेब, कापून जोडतो, पाच मिनिटांचं काम." ती पाच मिनिटं दुकानदाराची वाचतात, आणि जोड मात्र गाडीत कायमचा राहतो. ग्राहकाने वायर कापू द्यायची नाही. बिलावर वायरीची जाडी आणि फ्यूजचा आकडा लिहून मागायचा. आणि गाडी बनवणाऱ्या कंपन्यांनी सोबतच्या पुस्तिकेत डेकमागच्या वायरींचा नकाशा एका पानावर छापावा. कोणती वायर कायम जिवंत, कोणती किल्लीची, कोणती स्पीकरची, एवढंच. लोक गाडी उघडणार आहेतच.

आम्ही कापलेल्या टोकांवर नवा कपलर डाग देऊन बसवला, प्रत्येक जोडावर स्लीव्ह चढवली. स्लीव्ह तापवून आवळायचं काम मुलीने केलं. निळा फ्यूज परत जागेवर गेला. नवे स्पीकर अजून खोक्यातच आहेत. दारातली वायर तपासून झाली की बसवू.