पाइपचा गॅस : आधी हिशेब, मग अर्ज

मैत्रिणींनो, पुण्यात चार बायका एकत्र जमल्या की "तुमच्याकडे पाइपचा गॅस आला का हो?" हा प्रश्न हमखास निघतो. हळदीकुंकवाला, भाजीच्या गाड्यावर, शाळेच्या फाटकाशी, सगळीकडे तेच. मग एकजण म्हणते, "फार स्वस्त पडतो." दुसरी म्हणते, "छे, घेतानाच केवढे पैसे भरावे लागतात!" गंमत म्हणजे दोघींचंही खरं असतं. म्हणून आज वही-पेन्सिल घेऊन बसू या.

पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये हा गॅस महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेड, म्हणजेच एमएनजीएल, पुरवते. गेल आणि भारत पेट्रोलियम या दोन कंपन्यांनी मिळून २००६ साली ती काढली. मुंबईत हेच काम करणारी महानगर गॅस त्याआधीची, १९९५ सालची.

आता पैशांचं. अर्जाबरोबर जी रक्कम सांगतात ती ऐकून दचकू नका. तिचे दोन भाग असतात. एक परत मिळणारा आणि एक न मिळणारा. मीटर आणि घरापर्यंतची जोडणी यांसाठी घेतात ती अनामत. नियामक मंडळाच्या २००८ च्या नियमांत या अनामतीला ५,००० रुपयांची मर्यादा घातली होती. तिच्यावर व्याज मिळत नाही, पण जोडणी बंद करून मीटर धडधाकट परत दिला, की ती परत मिळते. अर्जाची फी, जादा पाइप वगैरे मात्र गेलेले पैसे. म्हणून अर्ज भरण्याआधी सरळ विचारा : यातले परत किती मिळणार? ठरलेल्या दरात किती मीटर पाइप बसतो आणि पुढच्या प्रत्येक मीटरला किती? अनामत हप्त्याने भरता येते का? दरमहा काही स्थिर आकार आहे का? उत्तरं वहीत लिहून घ्या आणि पावती नीट जपून ठेवा.

मग येतो खरा प्रश्न : परवडेल का? याचं गणित सातवीतल्या मुलीलाही जमेल असं आहे. आपल्या घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तेवढीच उष्णता मिळवायला पाइपचा गॅस साधारण १८ घनमीटर लागतो. बिलावर ज्याला युनिट किंवा एससीएम म्हणतात, तेच हे घनमीटर. तेव्हा सिलिंडरच्या किमतीला १८ ने भागा. समजा, सिलिंडर ९०० रुपयांना पडतो. भागाकार आला ५०. म्हणजे पाइपच्या गॅसचा दर युनिटला ५० रुपयांपेक्षा कमी असेल तर फायदा, जास्त असेल तर तोटा. दर दोन्हीकडे बदलत असतात, म्हणून आकडे त्या दिवशीचे घ्या. करही बघायचा असतो. महाराष्ट्रात नैसर्गिक वायूवरचा व्हॅट १ एप्रिल २०२२ पासून १३.५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणला होता, हे लक्षात असू द्या.

हेच उदाहरण पुढे नेऊ. तुमचा सिलिंडर ४५ दिवस पुरतो, म्हणजे महिन्याचा खर्च ६०० रुपये. तेवढ्याच स्वयंपाकाला महिन्याला १२ युनिटं लागतील. दर ४५ रुपये धरला तर ५४० रुपये. वाचले ६०. न परतणारा खर्च १,२०० रुपये झाला असेल, तर तो फिटायला २० महिने लागतील. स्थिर आकार असेल तर आणखी थोडे. दोन वर्षं त्याच घरात राहणार असाल तर जरूर घ्या. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या भाडेकरणीनं मात्र पुन्हा विचार करावा. तिला घरमालकाची लेखी संमतीही लागेल, आणि आपण गेल्यावर अनामत कोणाच्या नावावर राहणार हे आधीच ठरवून घ्यावं लागेल.

पण सगळंच रुपयांत मोजता येत नाही. आमच्या ओळखीच्या एक आजी तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात, इमारतीला लिफ्ट नाही. सिलिंडर संपला की नवा येईपर्यंत शेजाऱ्यांकडे चहा मागायचा त्यांना फार संकोच. अशा घरात महिना पन्नास रुपये जास्त गेले तरी ते वाया गेले असं मी म्हणणार नाही.

खर्च कमी करायच्या आणखी काही युक्त्या सांगते. एकटीनं अर्ज करण्यापेक्षा सोसायटीच्या सभेत विषय काढा. इमारतीच्या भिंतीवरून उभा पाइप चढवायला सोसायटीची परवानगी लागतेच. दहा-वीस घरं एकदम तयार झाली की काम लवकर हलतं. शेगडी त्या पाइपच्या भिंतीजवळ आणता आली तर जादा पाइपचे पैसे वाचतात. रंगकाम किंवा नवा ओटा करायचा असेल तर आधी गॅसचा पाइप, मग रंग. भिंतीला नि ओट्याला भोक पडणारच. ते बुजवायचं कोणी, हेही आधी विचारा. रस्त्यातली लाइन तुमच्या गल्लीत यायची असेल तर पावसाळ्यात घाई करून उपयोग नाही. तेव्हा महापालिका रस्ते खोदायला सहसा परवानगी देत नाही.

नवी शेगडी घ्यायची गरज बहुधा नसते. पाइपचा गॅस सिलिंडरच्या गॅसपेक्षा कमी दाबानं येतो आणि तेवढ्याच आकारमानात त्याची उष्णताही कमी असते. म्हणून बर्नरखालच्या जेटचं भोक मोठं लागतं. ते काम कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्या आणि जुने जेट डबीत जपून ठेवा. मात्र जेट बदललेल्या शेगडीला पुन्हा सिलिंडर जोडू नका, ज्योत भडकेल. चार पैसे वाचवायला नळवाल्याकडून पाइप वाढवून घेणं किंवा मीटर बंद कपाटात कोंडणं, या दोन गोष्टी तर कधीच नकोत.

एक फरक घरातल्या सगळ्यांना समजावून सांगा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साठतो. पाइपचा गॅस हलका, तो वर छताकडे जातो. म्हणून स्वयंपाकघरात वरच्या बाजूला झरोका उघडा हवा. वास आला तर विजेचं बटण चालूही करायचं नाही आणि बंदही करायचं नाही. मुख्य कॉक बंद, खिडक्या सताड उघड्या, सगळ्यांनी बाहेर, आणि मग बिलावर छापलेल्या तातडीच्या क्रमांकाला फोन. तो क्रमांक ठळक अक्षरांत दाराशी लावा.

मीटर वाचायला शिका. दशांश चिन्हाच्या डावीकडचे आकडे तेवढे युनिट म्हणून धरायचे, उजवीकडचे सोडून द्यायचे. महिन्याच्या पहिल्या तारखेला आकडा कॅलेंडरवर लिहा. बिल अंदाजानं आलं असेल तर लगेच कळेल. एखाद्या रात्री मुख्य कॉक उघडा ठेवून शेगडीची बटणं बंद करा, आकडा शेवटपर्यंत लिहा आणि तासाभराने पुन्हा बघा. आकडा सरकला असेल तर कॉक बंद करून कंपनीला कळवा. एरवी निजण्यापूर्वी कॉक बंद करायचाच.

सिलिंडरचे पैसे संपल्यासंपल्या जात. इथे बिल महिन्या-दोन महिन्यांनी एकदम येतं आणि घरखर्चाचं गणित कोलमडतं. त्यासाठी आठवड्याला शे-दीडशे रुपये वेगळ्या डब्यात टाकत जा. जुनी सिलिंडरची जोडणी परत करणार असाल, तर तिचीही अनामत मिळते. त्यासाठी जोडणी घेतानाचा कागद शोधून ठेवा.

शेवटी एक महत्त्वाचं. अर्जावर नाव कोणाचं, हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. घर दोघांच्या नावावर असेल तर गॅसची जोडणी बाईच्या नावानं का नसावी? अनामत परत मिळते ती नावावर असलेल्या माणसाला, आणि पत्त्याचा पुरावा म्हणून ते बिल अनेक ठिकाणी चालतं. ज्या घरात अजून कै. सासऱ्यांच्या नावानं बिलं येतात, तिथे नाव बदलायचा अर्ज याच आठवड्यात द्या. ओट्याशी उभं आपण राहायचं, मीटर आपण वाचायचा, पैसे आपण साठवायचे. मग कागदावरही आपलं नाव असू दे की!